वासरांची दावण

मिगमरच्या कमरेचा पट्टा यांजमाने स्वतः विणला होता. उंटाच्या लोकरीचा, तीन बोटं रुंद, आतून मऊ कातडं लावलेला. पट्ट्याला दोर आणि दोराचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. पोर अकरा महिन्यांचं होतं, धरून धरून उभं राहायचं, आणि उभं राहिलं की पहिली धाव चुलीकडे. म्हणून दोराची लांबी तिने किती वेळा मोजली असेल याला हिशेब नव्हता. पोर हात पुढे करून पालथं पडलं, तरी बोटांच्या टोकांपासून चुलीच्या पत्र्यापर्यंत दीड हात राहिला पाहिजे. दर आठवड्याला ती गाठ सोडून पुन्हा मारायची, कारण दर आठवड्याला हात लांब होत होते.

खोऱ्यातल्या सगळ्याच आया पोरांना असं बांधायच्या. तिच्या आईने तिलाही बांधलं होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हे तिला कळत होतं. तरी गाठ मारताना ती दर वेळी पोराच्या जावळात तोंड खुपसायची आणि म्हणायची, आलेच हं, बादली भरली की आलेच.

बाहेरही सगळा बांधण्याचाच खेळ होता. उन्हाळ्यात दिवसभर शिंगरं दावणीला बांधून ठेवायची, म्हणजे त्यांच्या आया, घोड्या, लांब जात नाहीत. दोन-दोन तासांनी येऊन उभ्या राहतात, शिंगराने दोन घोट घेतले की पान्हा सोडतात, मग त्याला बाजूला धरून धार काढायची. दिवसातून सहा वेळा. संध्याकाळी शिंगरं सोडली की रात्रभर दूध त्यांचं. गाईंचा हिशेब वेगळा. वासरं दावणीला आणि गाई दिवसभर लांब डोंगराच्या कुशीत. त्या सकाळ-संध्याकाळच घरी यायच्या.

शिंगरांची दावण गेरच्या, म्हणजे लोकरीच्या नमद्यांच्या गोल तंबूघराच्या, दारासमोर, साठ पावलांवर. वासरांची मागे, टेकाडापलीकडे, ओढ्याजवळ, दोनशे पावलांवर. हे तिच्या सासऱ्यांचं, दामदिनचं, जुनं ठरलेलं. घोडी मोकळी असते, तिला चार पाय आहेत, ती गाईची शिंगं चुकवून निघून जाईल. पण बांधलेलं शिंगरू कुठे जाणार? म्हणून शिंगंवाल्या जनावराची दावण शिंगरांच्या दावणीजवळ येता कामा नये, मधे टेकाड असलेलं बरं. आणि शिंगरांच्या दावणीची पहिली मेख तर एकदा ठोकली की त्या उन्हाळ्यात हलवायची नाही. ती ठोकताना दामदिनने तिला लोणी फासलं होतं, दूध शिंपडलं होतं, आणि गेल्या हिवाळ्यात वारलेल्या बायकोचं नाव घेऊन थोडा वेळ तिथेच बसून राहिला होता.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत या घरात दोन बायका होत्या. तिची सासू खांद टेकाडापलीकडे गाईंपाशी असली की यांजमा दारात असायची. यंदा यांजमा एकटी होती. नवरा, शगदर, पहाटे मेंढ्या घेऊन वर जायचा तो संध्याकाळीच यायचा. दामदिन घोड्यांकडे बघायचा, शिंगरं धरून द्यायचा. पण गाईंची धार पुरुषाने काढायची नसते, ते काम तिचंच. सकाळ-संध्याकाळ ती मिगमरला बांधून टेकाडापलीकडे जायची, आणि टेकाड ओलांडलं की गेर दिसायचं बंद व्हायचं. ऐकूही यायचं नाही. वारा असो वा नसो.

त्या आठवड्यात दामदिन खिंडीपलीकडे भाच्याच्या नातवाच्या जावळाला गेला होता, दोन रात्रींसाठी. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यांजमा धार काढून परतली, तर मिगमर पलंगाच्या पायाला तीन वेढे घालून अडकला होता. दोर त्याच्या दंडावरून आवळला होता आणि हात कोपरापासून खाली निळसर पडला होता. रडून रडून त्याचा आवाज गेला होता. तोंड उघडं, आणि आवाज नाही. किती वेळ असा होता कोण जाणे. तिने दोर कापला, हात चोळला, हात पुन्हा गुलाबी झाला, पोराने हुंदके देत दूध प्यायलं आणि झोपून गेलं. मग ती चुलीपाशी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

उठली ती थेट ओढ्यावर गेली. वासरांच्या दावणीच्या दोन्ही मेखा उपटल्या, सहा वासरं दोरासकट ओढत आणली आणि दारासमोरच ठोकली. ऐकू येईल अशा टप्प्यात सपाट जागा एकच होती, शिंगरांच्या दावणीशेजारी. दोन दावणींच्या मधे दहा-बारा पावलं राहिली. तिला नियम ठाऊक होता. तिने स्वतःला सांगितलं की दोनच दिवस, बाबा यायच्या आत परत नेईन, आणि गाई तर संध्याकाळीच येतात. त्यांच्या आधी मी शिंगरं सोडलेली असतील.

दुपारी आभाळ भरून आलं. इतकं पटकन की शिंगरं सोडायला ती निघाली तोवर गारा सुरू झाल्या. आधी गेरच्या माथ्यावरचं झाकण ओढायला ती वळली, कारण गारा सरळ चुलीवर आणि पोराच्या पुढ्यात पडत होत्या. तो दोर तिने ओढला, बांधला. तेवढाच वेळ.

बाहेर खुरांचा आवाज आला. गारांनी झोडपलेल्या गाई डोंगरावरून पळत आल्या होत्या. पुढे होती तिची तपकिरी, अर्ध्या याकच्या रक्ताची, रुंद शिंगांची. लग्नात यांजमाच्या आईने दिलेली. तिचं वासरू नव्या जागी घाबरून हंबरत होतं. आणि त्याच्या शेजारी, दावणीच्या टोकाला, तांबूस घोडीचं शिंगरू गारांखाली उड्या मारत होतं, लाथा झाडत होतं, दोर तोडायला बघत होतं. गाय दोघांच्या मधे शिरली. आपल्या वासराशेजारी कोण नाचतंय एवढंच तिला दिसलं असावं.

शिंगरू ओरडलं तो आवाज यांजमाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती धावत बाहेर आली, हातात होती ती बादलीच गाईच्या तोंडावर हाणली. गाय हटली, मान झटकून वासराला चाटू लागली. शिंगराची कूस फाटली होती.

तिने शिंगराचा दोर कापला, त्याला आपल्या अंगरख्याने झाकलं, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. आत मिगमर रडत होता. बाहेर तांबूस घोडी गोल गोल फिरत होती आणि मधूनच थांबून शिंगराच्या मानेला नाक लावत होती. ही घोडी खांदशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. वसंतभर यांजमाने तिच्या लाथा खाल्ल्या होत्या, खांदचा जुना अंगरखा घालून, खांदसारखं गुणगुणून तिच्याजवळ उभी राहिली होती. जेमतेम महिनाभरापूर्वी घोडीने पहिल्यांदा तिला पान्हा सोडला होता. त्या दिवशी पहिला घोट आभाळाकडे उडवून उरलेली वाटी दामदिनने सुनेच्या हातात दिली होती.

गारा थांबल्या. ऊन पडलं. आणि मग यांजमाने जे केलं ते तिच्या मनाआधी तिच्या हातांनी केलं. तिने वासरांच्या मेखा उपटल्या. वासरं परत टेकाडापलीकडे नेली, जुन्या भोकांत मेखा ठोकल्या, गाई मागोमाग हाकलल्या. वितळणाऱ्या गारांचं पाणी दारापुढून वाहत होतं, त्यात शेण, खुरांच्या खुणा, मेखांची भोकं सगळं बुजून गेलं. शगदर मेंढ्या घेऊन आला तेव्हा सगळं आपापल्या जागी होतं. तिने सांगितलं, तपकिरी टेकाडावरून धावत आली आणि शिंगरावर गेली.

शगदरने टेकाडाकडे पाहिलं, मग बायकोकडे. बाह्या वर सारून शिंगरापाशी बसला. त्याच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, जुन्या भाजल्याचा चकचकीत डाग होता. लहानपणी कढईवर पडला, असं घरात सांगायचे. त्या हाताने तो शिंगराची मान धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामदिन परतला. घोड्यावरून उतरला तो थेट शिंगरापाशी. जखम दुधाच्या दारूने धुतली, घोड्याच्या शेपटीच्या केसाने शिवली. शिवताना तो शिंगराशी बोलत होता, हळू आवाजात, जसं कुणी आजारी नातवाशी बोलेल. मग हात धुऊन आत आला, मीठ घातलेला दुधाचा चहा हातात घेतला आणि सगळं पुन्हा विचारलं. गाय कुठून आली, किती वेगाने, वासराजवळ थांबली की नाही. यांजमाने तेच सांगितलं. एकदा खोटं बोललं की पुढचं आपसूक तोंडात येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

दामदिनने बराच विचार केला. मग म्हणाला की गारांना घाबरलेली गाय आपल्या वासराकडे पळते. जी गाय स्वतःचं वासरू ओलांडून दोनशे पावलं पुढे येते आणि बांधलेल्या शिंगराला मारते, तिचं डोकं फिरलंय. अशी गाय घोड्यांजवळ ठेवता येत नाही. आणि मिगमरकडे बघून म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात हा दोर सुटेल, अंगणात चालेल. तेव्हा ती कुणावर जाईल?

त्याने ल्हुंदेवला निरोप पाठवला. ल्हुंदेव म्हणजे मालमोटार घेऊन फिरणारा, कापायची जनावरं गोळा करणारा व्यापारी. तो चार दिवसांनी या बाजूला येणार होता.

ते चार दिवस यांजमाला कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ ती तपकिरीच्या पोटाशी कपाळ टेकून धार काढायची आणि गाय मान वळवून तिची बाही चाटायची, मिठासाठी. दूध नेहमीइतकंच. तेच दूध मिगमरच्या वाटीत. एकदा ती दारापर्यंत आली, सांगायचंच म्हणून. आत दामदिन नातवाला मांडीवर घेऊन त्याच्या कपाळावर चुलीची काजळी लावत होता, दृष्ट लागू नये म्हणून, आणि म्हणत होता की तुझ्या आईसारखी सून या खोऱ्यात नाही बरं. ती दारातूनच मागे फिरली.

शिंगरू तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. दामदिनने ते स्वतः घोड्यावर घातलं आणि वर, माणसं जात नाहीत अशा ठिकाणी ठेवून आला. तांबूस घोडी दर दोन तासांनी येऊन दावणीच्या टोकाशी उभी राहायची. यांजमा बादली घेऊन गेली, गुणगुणली. घोडी उभी राहिली, हलली नाही, लाथ मारली नाही. पान्हाही सोडला नाही.

चौथ्या दिवशी उजाडल्यावर थोड्याच वेळात ल्हुंदेवची मोटार धूळ उडवत आली. जाडजूड माणूस, तोंडाला कुलूप नाही. उतरताच म्हणाला की दामदिनकाका, तुमच्याकडचा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा ऐराग पिण्यासाठी मी पन्नास कोस वाकडी वाट करतो, जनावर तर निमित्त. वाडगाभर पिऊन झाल्यावर मिशा पुसत म्हणाला, यंदा जरा पातळ आहे. मग घरातली तोंडं बघून गप्प झाला. शगदर त्या दिवशी मेंढ्या शेजाऱ्याकडे सोपवून थांबला होता. त्याने तपकिरीच्या शिंगांना दोर घातला आणि तिला टेकाडावरून घेऊन आला. मागे वासरू हंबरत होतं, तेवढं मात्र इथपर्यंत ऐकू येत होतं.

मोटारीची फळी खाली पडली. गाय फळीपाशी आली, वास घेतला आणि थांबली. यांजमा दारात मिगमरला कडेवर घेऊन उभी होती. तिने पोराला जमिनीवर ठेवलं, पट्ट्याचा दोर एका हातात घट्ट धरला, जणू पडू नये म्हणून तीच धरून उभी आहे.

"बाबा, गाय टेकाडावरून आली नाही."

दामदिनने वळून पाहिलं.

"वासरांची दावण मी इथे आणली होती," ती म्हणाली. "शिंगरांच्या शेजारी. दहा पावलांवर. शगदर यायच्या आत परत नेली."

ल्हुंदेवने एकदा काकांकडे, एकदा शगदरकडे पाहिलं, आणि जरा टायर बघतो म्हणून मोटारीच्या पलीकडे गेला. शगदरच्या हातातला दोर सैल पडला. गाय फळीवरून मागे सरकली.

"का?" दामदिनने विचारलं.

"तिथून मिगमर ऐकू येत नाही." मग तिने बाकीचं सांगितलं. दोराचे वेढे, निळा हात, गेलेला आवाज. सांगताना तिने डोळे खाली ठेवले नाहीत. ते तिला जमलं याचंच तिला नंतर नवल वाटलं.

दामदिन खाली बसला. नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीची कुपी काढली, झाकण उघडलं, न ओढताच पुन्हा लावलं. मग म्हणाला, "खांद असती तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

चार दिवसांत तिला कुणी काही लागट बोललं नव्हतं. हे एकच वाक्य, आणि तेही ओरडून नाही. ते तिच्या वर्मी बसलं. ती म्हणाली, हो.

तो उठला. टेकाडाकडे चालू लागला. चार पावलं जाऊन थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "मी ओढ्यापाशी बसतो. शगदर, तू टेकाडावर उभा राहा. मी टोपी हलवली की तू हलव. मग, पोरी, त्याला रडव."

म्हातारा टेकाडापलीकडे गेला. शगदर माथ्यावर उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने टोपी हलवली. यांजमाने पोराला आत नेऊन पलंगापाशी बसवलं, पट्टा बांधला, नेहमीसारखं. पण मिगमरला रडवायचं कसं? आई समोर बसलेली, पहाटेपासून पहिल्यांदाच हातात काम नसलेली. पोर तिच्याकडे बघून खदखदून हसायला लागलं. तिने तोंड वाकडं केलं, तर तो आणखी हसला. तिने डोळे वटारले, तर टाळ्या. तिचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसूही आलं.

दारात ल्हुंदेवचं डोकं दिसलं. त्याने सगळं पाहिलं होतं. "वहिनी, सरका," तो म्हणाला, "हे आईचं काम नव्हे, यासाठी माझ्यासारखा नालायक माणूस लागतो." वाकून आत आला, मिगमरच्या मुठीतला दह्याचा वाळवलेला तुकडा काढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकला.

मिगमरने आधी रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मग असा टाहो फोडला की बाहेरची कुत्री उठून उभी राहिली. कितीतरी वेळ तो रडला. यांजमाने त्याला उचललं नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

दामदिन परत आला तेव्हा त्याची चाल वेगळी होती, हळू. "रडला?"

"मोटारीची काच फुटायची बाकी होती, काका," ल्हुंदेव म्हणाला.

"मला काही ऐकू आलं नाही. वाराही नव्हता." तो शगदरजवळ उभा राहिला. शगदरने उन्हामुळे बाह्या वर केल्या होत्या. म्हाताऱ्याने मुलाचा डावा हात हातात घेतला, वळवला, तो चकचकीत डाग पाहिला. जणू चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहत होता. "तेव्हाही गेर इथेच होतं," तो म्हणाला. "तुझी आई तिथे गाईंपाशी होती. कढईवर पडलास म्हणाली. दोर बांधलेलं पोर कढईवर कसं पडेल, हे मी विचारलं नाही. तीही मग बोलली नाही."

शगदर हात काढून घ्यायला निघाला, पण बापाने सोडला नाही. मग सोडला.

त्यानंतर दामदिनने दोन्ही दावणींकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, डोळ्यांवर आडवा हात धरून टेकाडाच्या पूर्वेकडची उतरण पाहिली. तिथून समोर शिंगरं दिसतात आणि मागे वासरं. तिथवर तो पावलं मोजत गेला आणि मोजत आला. शिंगरांची मेख हलणार नाही, तो म्हणाला. वासरांचीही हलणार नाही, पाणी तिथे आहे. हलवायचं ते घर.

उन्हाळ्याच्या मधेच गेर उठवायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. पण ते उठवलं. नमदे सोडले, माथ्याचं चाक खाली घेतलं, जाळीच्या भिंती घडी घातल्या. ल्हुंदेव म्हणाला की गाय न्यायला आलो होतो आणि घर वाहतोय, माझ्या धंद्याचं आता कल्याण आहे. पण अंगरखा काढून सगळ्यात जड पलंग त्यानेच उचलला. चुलीतला विस्तव यांजमाने पातेल्यात घेतला, तो जमिनीला न टेकता तिने स्वतः नव्या जागी नेला. मिगमर मोटारीच्या बैठकीत बसून चाक फिरवत होता.

भिंतीची जाळी एका बाजूने शगदर आणि दुसऱ्या बाजूने यांजमा अशी ताणत असताना तो दबक्या आवाजात म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस."

"तुलाच तर सगळ्यात आधी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मग तुला कसं सांगू?"

तो गाठ मारत राहिला. दोन-तीन गाठी झाल्यावर म्हणाला की पलंग जरा चुलीपासून लांब टाकू. एवढंच. राग गेला नव्हता, तिला कळलं. पण पलंग त्याने लांब टाकला.

दुपारी ल्हुंदेव रिकामी मोटार घेऊन गेला. जाताना एक मोठं चामड्याचं बुधलं ऐरागचं घेऊन गेला, पातळ असला तरी. त्याआधी दामदिनने तपकिरीला दोन खांबांमधे उभी केली आणि तिच्या दोन्ही शिंगांची टोकं करवतीने कापली, चार-चार बोटं, रक्त न येईल इतपत. कापलेली जागा घासून गुळगुळीत केली. गाय थरथरत उभी राहिली. यांजमा तिचं डोकं धरून होती.

"हिची चूक नव्हती, बाबा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी शिंगं शिंगंच."

शिंगराविषयी तो काही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिने माफी मागितली तेव्हा त्याने नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे तिला ठरवता आलं नाही. पुढे कित्येक दिवस ती ते ठरवायचा प्रयत्न करत राहिली.

संध्याकाळी शिंगरं सोडली. पाच शिंगरं आपापल्या आयांकडे धावली. तांबूस घोडी टोकाला उभी राहिली, सहाव्या दोरापाशी. दामदिन तो दोर सोडायला गेला आणि तसाच परत आला. राहू दे आजच्या दिवस, म्हणाला.

यांजमाने मिगमरला पट्टा बांधला, दोर मोजला, दीड हात. जावळात तोंड खुपसलं. आलेच हं. बादली घेऊन ती ओढ्याकडे उतरली. मागे वळून पाहिलं तर गेर दिसत होतं, दारासकट, धुराड्यासकट. टेकाडापलीकडे जुन्या जागी गवतावर पिवळट गोल उरला होता, मधोमध राखेचा काळा ठिपका.

तपकिरीचं वासरू दोन घोट प्यायलं, तिने त्याला बाजूला बांधलं आणि गाईच्या पोटाशी कपाळ टेकलं. पहिल्या धारा बादलीच्या तळावर वाजल्या, मग दुधात दूध पडायला लागलं, आवाज मऊ झाला.

आणि मग तिला ऐकू आलं. मिगमर रडत होता. अडकून नाही, दुखून नाही. नुसतं, आई कुठे गेली म्हणून. नेहमी रडत असेल तसं. इतके महिने रोज दोनदा तो असाच रडला असणार आणि तिने ते कधी ऐकलं नव्हतं.

टेकाडाच्या त्या बाजूला, रिकाम्या दोरापाशी, तांबूस घोडीने मान वर केली. कान टवकारले, रडण्याच्या दिशेने वळवले आणि तशीच थांबली.

यांजमाचे हात थांबले. बादली अर्धी होती. ती लगेच उठली नाही. क्षणभर गाईच्या उबदार पोटाला कान लावून तो आवाज ऐकत राहिली, प्रत्येक हुंदका, श्वास घ्यायला मधे थांबणं, पुन्हा सुरू होणं. मग बादली बाजूला ठेवली, वासराला त्याच्या आईकडे सोडलं, आणि वर घराकडे निघाली.